स्पॅनिश क्रियापदं: मराठी माणसाला पडणारे नेहमीचे प्रश्न

स्पॅनिश शिकायला बसलेला मराठी माणूस बहुतेक वेळा ती इंग्रजीतून शिकतो. पुस्तक इंग्रजीतलं, ॲप इंग्रजीतलं, व्हिडिओतले मास्तरही इंग्रजीच बोलणारे. मग इंग्रजांना जे जड जातं ते आपल्यालाही जडच जाणार, असं आपण मुकाट्यानं मान्य करून टाकतो. क्रियापदांच्या बाबतीत हे साफ चूक आहे. बऱ्याच ठिकाणी मराठी स्पॅनिशला जास्त जवळची आहे आणि इंग्रजीतून गेलं की उगाच लांबचा वळसा पडतो. काही ठिकाणी मात्र मराठीच आपल्याला खड्ड्यात घालते. खालच्या उत्तरांत दोन्ही प्रकार आले आहेत.

उच्चारांबद्दल आधीच सांगतो. स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. ‘त’ आणि ‘द’ आपल्या ‘तवा’, ‘दगड’मधले, म्हणजे दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजीतला ट-ड इथे चालत नाही. ‘ख’ मात्र आपला नव्हे, घशातून घासून काढायचा.

कोणती क्रियापदं आधी शिकू?

सेर, एस्तार, आबेर, तेनेर, आसेर, ईर, बेनीर, पोदेर, केरेर, देसीर, साबेर, दार, बेर. अर्थ अनुक्रमे: असणे, असणे (हो, पुन्हा असणे, त्याबद्दल खाली), ‘आहे/आहेत’मधलं अस्तित्व, जवळ असणे, करणे, जाणे, येणे, शकणे, हवं असणे, सांगणे, माहीत असणे, देणे, बघणे. एवढ्यांवर रोजचं बोलणं बऱ्यापैकी निभतं. गंमत अशी की जवळजवळ सगळीच अनियमित आहेत. सतत वापरातली क्रियापदं झिजून वाकडी होतात. मराठीतही ‘जाणे’चं ‘गेलो’ होतं, ‘येणे’चं ‘आलो’ होतं, तसंच हे. नियमित क्रियापदांपासून सुरुवात करायचा सल्ला बरीच पुस्तकं देतात. मला तो पटत नाही, कारण ती क्रियापदं घेऊन तुम्ही बाजारात गेलात तर एक धड वाक्य जुळत नाही.

रूपं पाठ करावीच लागतात का?

लागतात. पण मराठी बोलणाऱ्याला यात नवीन असं फारसं काही नाही. शब्दकोशात क्रियापद ‘आर’, ‘एर’ किंवा ‘ईर’ यांपैकी एका शेवटानं येतं, जसं आपलं ‘णे’नं येतं. तो शेवट काढायचा आणि पुरुष-वचनाप्रमाणे प्रत्यय लावायचा. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याचा वर्तमानकाळ असा: आब्लो (मी), आब्लास (तू), आब्ला (तो, ती), आब्लामोस (आम्ही, आपण), आब्लान (ते, तुम्ही सगळे). स्पेनमध्ये मित्रमंडळींच्या घोळक्याला उद्देशून ‘आब्लाइस’ असं आणखी एक रूप आहे.

मी, तू म्हणायची गरज बहुधा पडत नाही. ‘येतो’ म्हटलं की ‘मी’ कळतोच, तसं ‘आब्लो’ म्हटलं की कळतं. एक ओझं तर चक्क कमी होतं: स्पॅनिश क्रियापदाला लिंग नाही. पुरुषानं म्हटलं तरी आब्लो, बाईनं म्हटलं तरी आब्लो. लिंग विशेषणात दिसतं. दमलेला पुरुष ‘एस्तोय कान्सादो’ म्हणतो, दमलेली बाई ‘एस्तोय कान्सादा’.

आघाताकडे मात्र लक्ष ठेवा, तो देवनागरीत दिसत नाही. ‘आब्लो’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. लिहिताना दुसऱ्या रूपात शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ येते. मराठीत असा जोर अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान त्याकडे दुर्लक्ष करतो. समोरच्याचा कान करत नाही.

‘सेर’ आणि ‘एस्तार’ दोन्ही ‘असणे’च. मग कधी कोणतं?

‘कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. विसरून जा. माद्रिद स्पेनमध्ये आहे हे काही तात्पुरतं नाही, तरी तिथे एस्तार लागतं: ‘माद्रिद एस्ता एन एस्पान्या’. मेलेला माणूस परत येत नाही, तरी ‘एस्ता म्वेर्तो’. उलट तारुण्य चार दिवसांचं, पण ‘तो तरुण आहे’ला ‘एस खोबेन’.

मी दोन प्रश्न विचारायला सांगतो. वाक्य ‘कोण, काय, कसला’ याचं उत्तर देत असेल तर सेर. ‘कुठे’ किंवा ‘कोणत्या अवस्थेत’ याचं देत असेल तर एस्तार. मारिया डॉक्टर आहे, कोलंबियाची आहे, उंच आहे: सेर. मारिया घरी आहे, आजारी आहे, बसलेली आहे, चिडलेली आहे: एस्तार.

यांचा उगम बघितला की लक्षात राहायला मदत होते. एस्तार हे लॅटिनच्या ‘स्तारे’, म्हणजे उभं राहणे, यावरून आलं आणि ते संस्कृतच्या ‘स्था’चं सख्खं भावंड आहे. स्थान आणि स्थिती हे दोन्ही शब्द त्याच धातूचे, आणि एस्तारची कामंही नेमकी तीच दोन: स्थान सांगणं आणि स्थिती सांगणं. सेरचं ‘एस’ हे रूप आपल्या ‘अस्ति’च्या कुळातलं.

आता मराठीची थोडी मदत. आपण ‘आंबा गोड असतो’ म्हणतो तेव्हा आंब्याचा स्वभाव सांगतो. ‘हा आंबा गोड आहे’ म्हणतो तेव्हा हातातली फोड खाऊन बोलतो. स्पॅनिशमध्ये पहिलं ‘एल मांगो एस दुल्से’, दुसरं ‘एस्ते मांगो एस्ता दुल्से’. खाण्यापिण्याच्या गोष्टींना ही कसोटी छान लागते. पण ती सगळीकडे ताणू नका. ‘मारिया डॉक्टर आहे’ यात आपण ‘असते’ म्हणत नाही, तरी स्पॅनिशला तिथे सेरच हवं.

काही विशेषणांचा तर अर्थच बदलतो. ‘लिस्तो’ सेरबरोबर हुशार, एस्तारबरोबर तयार. ‘आबुर्रीदो’ सेरबरोबर कंटाळवाणा, एस्तारबरोबर कंटाळलेला (हे उलटं वापरून स्वतःला कंटाळवाणं जाहीर करणारे पुष्कळ). ‘र्रीको’ सेरबरोबर श्रीमंत, एस्तारबरोबर चविष्ट. ‘बेर्दे’ सेरबरोबर हिरवा, एस्तारबरोबर कच्चा. आणि ‘ब्वेनो’ जपून वापरा: माणसाला ‘एस ब्वेनो’ म्हटलं तर तो मनानं चांगला, ‘एस्ता ब्वेनो’ म्हटलं तर तुमची नजर भलतीकडे आहे.

एक अपवाद पाठच करा. समारंभ कुठे आहे हे सेरनं विचारतात: ‘दोंदे एस ला फ्येस्ता?’ मांडव कुठे आहे ते एस्तार, लग्न कुठे आहे ते सेर.

मग ‘आय’ म्हणजे काय? तेही ‘आहे’च ना?

हो, आबेर या क्रियापदाचं ते रूप. नवीन गोष्ट पहिल्यांदा सांगताना ते येतं. मराठीत हा फरक आपण शब्दांच्या क्रमानं करतो, फक्त तो आपल्या लक्षात येत नाही. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हणजे टेबलावर काय आहे ते सांगितलं: ‘आय उन लीब्रो एन ला मेसा’. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हणजे ठरलेलं पुस्तक कुठे आहे ते सांगितलं: ‘एल लीब्रो एस्ता एन ला मेसा’. वाक्याची सुरुवात जागेनं होत असेल तर आय, वस्तूनं होत असेल तर एस्ता. ही युक्ती इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. ‘आय’चं अनेकवचन होत नाही: एक पुस्तक असो की शंभर, आय ते आय.

‘तेनेर’ला मराठीत एकच शब्द का मिळत नाही?

कारण आपण मालकी वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतो. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, मला ताप आहे, मला भूक लागली आहे, मी तीस वर्षांचा आहे. स्पॅनिशमध्ये हे सगळं तेनेर खातं: तेंगो दोस एर्मानोस, तेंगो कार्रो, तेंगो फ्येब्रे, तेंगो आंब्रे, तेंगो त्रेइंता आन्योस. तहान, झोप, भीती, घाई, थंडी, उकाडा हे सगळं ‘तेंगो’च्या खात्यात जमा.

यातलं वय आणि उकाडा सांभाळा. ‘आन्योस’मधला ‘न्य’ गिळून ‘आनोस’ म्हटलं तर वर्षांऐवजी शरीराच्या मागच्या भागातलं द्वार होतं, आणि ‘मला तीस आहेत’ हे वाक्य मग कोणी विसरत नाही. उकडतंय म्हणून ‘एस्तोय काल्येंते’ म्हणू नका, त्याचा अर्थ कामातुर असा घेतला जातो. ‘तेंगो कालोर’ म्हणा. हवाच गरम असेल तर ‘आसे कालोर’, यात आपल्या ‘उकडतंय’सारखा कर्ताच नसतो.

‘तेनेर के’ म्हणजे आपलं ‘-वं लागणं’: तेंगो के ईर, मला जावं लागेल.

‘मे गुस्ता’ मला समजतच नाही. पुस्तकात त्यावर दोन पानं आहेत.

ती दोन पानं इंग्रजांसाठी आहेत, तुम्ही फाडून टाकलीत तरी चालेल. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आवडणाऱ्या गोष्टीप्रमाणे चालतं आणि माणूस ‘ला’ लावून बाजूला बसतो. इंग्रजी बोलणाऱ्याला हे उलटं वाटतं, आपण जन्मापासून तसंच बोलतो. मला, तुला, त्याला: मे, ते, ले. याच साच्यातली आणखी क्रियापदं: मे दुएले ला काबेसा (डोकं दुखतंय), मे फाल्ता त्येंपो (मला वेळ कमी पडतोय), मे पारेसे (मला वाटतं), मे एनकांता (मला फार आवडतं).

याच ‘ला’चा आणखी एक उपयोग आहे. आपण ‘सिनेमा बघतो’ पण ‘हुआनला बघतो’. माणूस आला की ‘ला’ येतो. स्पॅनिशमध्ये त्याच जागी ‘आ’ येतो: बेओ ला पेलीकुला, पण बेओ आ हुआन.

माहीत असणं, ओळखणं, येणं, शकणं यांचा हिशेब कसा?

माहिती असेल तर साबेर. ओळख असेल तर कोनोसेर, आणि ती गावाशीसुद्धा असते: ‘कोनोस्को लीमा’ म्हणजे लिमा मी पाहिलेलं आहे. कौशल्य असेल तरी साबेर: ‘से नादार’ म्हणजे मला पोहता येतं. ‘पुएदो नादार’ म्हणजे मी पोहू शकतो, म्हणजे पाय मुरगळलेला नाही किंवा तलाव उघडा आहे. ‘येतं’ आणि ‘शकतो’ हे आपण कधीच गोंधळत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पुरतो, म्हणून इंग्रजीतून विचार केला की गोंधळ सुरू.

अशाच आणखी दोन जोड्या: मागणे पेदीर, विचारणे प्रेगुंतार. खेळणे खुगार, वाजवणे तोकार. मराठीतून थेट गेलात तर यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही.

कोणी हाक मारली की ‘आलो’ला काय म्हणू?

‘या बोय.’ शब्दशः ‘जातोच’. इथे मराठी आपल्याला हमखास पाडते. आपण समोरच्याच्या जागेवरून बोलतो: आलोच, येतो तुझ्याकडे, उद्या येईन. स्पॅनिश माणूस स्वतः जिथे उभा आहे तिथून बोलतो. तिथून दुसरीकडे निघायचं म्हणजे ईर, कोणाकडेही असो. बेनीर फक्त ‘मी आत्ता आहे तिथे’ येण्यासाठी. फोनवर ‘उद्या तुझ्या घरी येतो’ हे ‘मान्याना बोय आ तू कासा’.

निरोप घेताना तर आणखी पंचाईत. आपल्याकडे दारातून ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. आजी ऐकत असेल तर नक्कीच नाही. स्पॅनिशमध्ये बिनदिक्कत ‘मे बोय’ म्हणतात, त्यात अशुभ काही नाही. कोपऱ्यावरून दूध घेऊन लगेच परतणार असाल तर मात्र मेक्सिकोत ‘आओरीता बेंगो’ आणि स्पेनमध्ये ‘आओरा बेंगो’ म्हणतात, ते थेट आपलं ‘आलोच हां’. पण विमानतळावर निघताना ते म्हणू नका, लोक वाट बघत बसतील.

नेणे-आणणे यांनाही हाच नियम: इथून तिकडे येबार, तिकडून इथे त्राएर.

दोन भूतकाळ कशाला?

एक झालेली गोष्ट सांगायला, दुसरा तेव्हाचं चित्र उभं करायला. ‘लहानपणी आम्ही क्रिकेट खेळायचो’ मधलं ‘-आयचो’ आणि ‘मी निघालो तेव्हा पाऊस पडत होता’ मधलं ‘पडत होता’, या दोन्हींना स्पॅनिशमध्ये एकच काळ आहे, इम्पेर्फेक्तो: खुगाबामोस, योबीआ. ‘काल खेळलो’, ‘निघालो’ यांना दुसरा: खुगे, साली. ‘योबीआ क्वांदो साली’ हे वाक्य पाठ करून ठेवा. त्यात पाऊस चालूच आहे आणि निघणं एका क्षणात झालंय.

खरी मजा काही नेमक्या क्रियापदांत आहे. इंग्रजी पुस्तकं लिहितात की साबेर, कोनोसेर, केरेर, पोदेर यांचा भूतकाळात ‘अर्थ बदलतो’. मराठीत त्यांना आधीपासूनच वेगळे शब्द आहेत. ‘साबीआ’ म्हणजे माहीत होतं, ‘सुपे’ म्हणजे कळलं. ‘कोनोसीआ आ आना’ म्हणजे आनाला ओळखत होतो, ‘कोनोसी आ आना’ म्हणजे आनाची ओळख झाली. ‘केरीआ बेनीर’ म्हणजे त्याला यायचं होतं, ‘नो कीसो बेनीर’ म्हणजे यायला तयारच झाला नाही. ‘नो पोदीआ’ जमत नव्हतं, ‘नो पूदो’ जमलं नाही. अर्थ कुठेही बदललेला नाही: एकीकडे चालू असलेली अवस्था आहे, दुसरीकडे घडून गेलेला क्षण.

इथे एक सापळा आहे. ‘मी तीन वर्षं पुण्यात राहत होतो’ असं आपण सहज म्हणतो. ‘राहत होतो’ दिसलं म्हणून इम्पेर्फेक्तो लावाल तर चुकाल. मुदत मोजली आणि ती संपली, की स्पॅनिश त्याला झालेली गोष्ट मानते: ‘बीबी त्रेस आन्योस एन पुणे’. अजून राहत असाल तर मात्र वर्तमानकाळ, अगदी मराठीसारखा: ‘येबो त्रेस आन्योस एन पुणे’, पुण्यात येऊन तीन वर्षं झाली. हे येबार म्हणजे नेण्याचंच क्रियापद. तीन वर्षं अंगावर घेऊन चालल्यासारखं.

आणखी दोन सुटसुटीत गोष्टी. आपल्याकडे रामानं आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, म्हणजे क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे धावतं. स्पॅनिशमध्ये राम काहीही खावो, ‘कोम्यो’. दुसरं म्हणजे सेर आणि ईर यांचा साधा भूतकाळ एकच आहे: ‘फुए’ म्हणजे ‘तो होता’ही आणि ‘तो गेला’ही. संदर्भावरून कळतं, घाबरू नका.

क्रियापदाला चिकटणारं ‘से’ नेमकं काय करतं?

बरंच काही, पण तीन कामं आधी कळली तरी पुरे.

पहिलं: मराठीत साधं क्रियापद ‘उठणे’, त्याला ‘व’ जोडला की ‘उठवणे’. बसणे, बसवणे. स्पॅनिश नेमकी उलटी चालते. तिथे ‘लेबांतार’ म्हणजे उठवणे, उचलणे, आणि ‘से’ लावलं की ‘लेबांतारसे’ म्हणजे उठणे. ‘सेंतार’ बसवणे, ‘सेंतारसे’ बसणे. ‘देस्पेर्तार’ जागं करणे, ‘देस्पेर्तारसे’ जाग येणे. आपण दुसऱ्यासाठी प्रत्यय जोडतो, ते स्वतःसाठी जोडतात.

दुसरं: ज्या जागी आपण ‘टाकणे’, ‘निघून जाणे’, ‘लागणे’ अशी क्रियापदं जोडून रंग भरतो, तिथे बऱ्याचदा ‘से’ भागवतं. कोमेर खाणे, कोमेरसे खाऊन टाकणे: ‘से कोम्यो तोदा ला पिट्सा’, अख्खा पिझ्झा संपवला. ईर जाणे, ईरसे निघून जाणे. दोर्मीर झोपणे, दोर्मीरसे झोप लागणे.

तिसरं मला सगळ्यांत लाडकं. ‘से मे कायो एल बासो’: माझ्या हातून ग्लास पडला. मी पाडला नाही, पडला. ‘से मे र्रोम्प्यो’, माझ्या हातून फुटला. ‘से मे ओल्बिदो’, माझ्या लक्षातून गेलं. ‘मी फोडला’ याला ‘र्रोम्पी’ असं सरळ रूप आहे, पण चारचौघांत ते कोण म्हणेल? यजमानांची कपबशी फुटल्यावर अंग चोरून बोलायची ही सोय दोन्ही भाषांत सारखीच तयार आहे, फक्त ‘माझ्या हातून’च्या जागी ‘से मे’ ठेवायचं.

सुबखुंतीबो (न घडलेली, मनातली गोष्ट सांगणारं क्रियापदाचं रूप) ऐकून धडकी भरते. ते टाळता येईल का?

नाही, आणि टाळायचं कारणही नाही. ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातलं ‘यावंस’ आठवा. येणं घडलेलं नाही, ते माझ्या इच्छेत आहे. ‘क्येरो के बेंगास’. इच्छा स्वतःपुरती असेल तर साधं ‘क्येरो बेनीर’, मला यायचंय. दुसऱ्यानं काही करावं असं असेल तर सुबखुंतीबो. आपला विध्यर्थ इथवर चांगली सोबत करतो.

रूप करायला सोपं: ‘आर’वाल्यांचा स्वर ‘ए’ होतो, ‘एर-ईर’वाल्यांचा ‘आ’. आब्ला होतं आब्ले, कोमे होतं कोमा. अनियमित क्रियापदांत बहुधा ‘मी’चं रूप धरायचं: तेंगोवरून तेंगा, बेंगोवरून बेंगा, आगोवरून आगा.

पुढे मात्र मराठी साथ सोडते. ‘तो येईल असं मला वाटत नाही’ यात आपण भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिशला सुबखुंतीबो लागतो: ‘नो क्रेओ के बेंगा’. होकारार्थी ‘क्रेओ के’नंतर साधं रूप, नकारार्थी ‘नो क्रेओ के’नंतर सुबखुंतीबो. ‘तू येशील तेव्हा बोलू’ यातलं ‘येशील’ही तसंच: ‘क्वांदो बेंगास’. अजून न घडलेल्या ‘तेव्हा’ला भविष्यकाळ चालत नाही. ही दोन वाक्यं सोडवून घेतलीत तर चुका बऱ्याच कमी होतील.

आणि सुबखुंतीबो रोजच्या शिष्टाचारात भरलेला आहे. स्पेनमध्ये जेवणाऱ्याला ‘के आप्रोबेचे’ म्हणतात, आपल्या पंगतीतल्या ‘सावकाश होऊ द्या’च्या जागी. निरोपाला ‘के ते बाया ब्येन’, तुझं सगळं नीट होवो. व्याकरण म्हणून पाठ करण्याआधी हे दोन तोंडात बसवा.

तू आणि तुम्ही आहे का?

आहे: ‘तू’ आणि ‘उस्तेद’. उस्तेद हे जुन्या ‘बुएस्त्रा मेर्सेद’चं, म्हणजे ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनाचं झिजलेलं रूप. म्हणून त्याला क्रियापद ‘तो’चं लागतं: ‘उस्तेद आब्ला’. दरबारात ‘महाराज काय म्हणतात?’ असं समोरच्यालाच विचारावं तसं.

आदरार्थी अनेकवचन मात्र सोडून द्या. ‘बाबा आले’ला ‘मी पाद्रे बीनो’, एकवचनच. वडिलांना अनेकवचन लावलं तर किती वडील, असा प्रश्न येईल.

अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेतल्या बऱ्याच भागांत ‘तू’च्या जागी ‘बोस’ चालतं आणि क्रियापदाचं रूपही बदलतं: अर्जेंटिनात बोस आब्लास (आघात शेवटी), बोस तेनेस, बोस सोस. बोगोटाच्या बाजूला घरातल्या माणसांनाही उस्तेद म्हणणारे भेटतात. जिथे जाल तिथलं ऐका.

इंग्रजीसारखी दिसणारी क्रियापदं तरी सोपी असतील?

तीच सगळ्यांत घातकी. ‘आसिस्तीर’ म्हणजे हजर राहणे, मदत करणे नव्हे. ‘र्रेआलीसार’ पार पाडणे. ‘कोंतेस्तार’ उत्तर देणे. ‘सोपोर्तार’ सहन करणे, त्यामुळे ‘मी माझ्या बायकोला सपोर्ट करतो’ असं सांगायला जाल तर ‘मी तिला सहन करतो’ असं निघेल. ‘र्रेमोबेर’ ढवळणे, आणि काढणे हवं असेल तर ‘कितार’. ‘दिस्कुतीर’मध्ये नुसती चर्चा नसते, बऱ्याचदा वादावादी असते. हॉटेलच्या दारावरचं ‘नो मोलेस्तार’ वाचून दचकू नका, मोलेस्तार म्हणजे नुसता त्रास देणे.

‘केदार’ हे खरंच क्रियापद आहे?

आहे, केदार नावाच्या प्रत्येकाला वर्गात हसू येतं. आघात मात्र ‘दार’वर. ‘राहणे’, ‘उरणे’ यांच्या आसपास ते फिरतं. ‘केदान दोस’, दोन राहिले. ‘मे केदो आकी’, मी इथेच थांबतो. ‘ते केदा ब्येन’, कपडा तुला छान बसतो. ‘केदामोस आ लास सिंको’, पाचला भेटायचं ठरलं. आणखीही अर्थ आहेत, वाचता वाचता सापडतील.

गोव्याच्या पोर्तुगीजचा फायदा होतो का?

घरात पोर्तुगीज असेल तर खूपच. सेर-एस्तारची जोडी तिथेही आहे. आवडण्याचं मात्र वेगळं: पोर्तुगीजमध्ये ‘गोश्तु द’ म्हणजे मीच कर्ता, स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता’. आणि पोर्तुगीज न शिकलेल्या मराठी माणसाच्या खिशातही एक क्रियापद आहेच. आपला ‘पगार’ पोर्तुगीज ‘पागार’वरून आला, म्हणजे पैसे चुकते करणे. स्पॅनिशमध्येही तेच क्रियापद, तोच अर्थ: हॉटेलात ‘क्येरो पागार’ म्हटलं की बिल येतं.

बस पकडायला ‘कोखेर’ म्हणू की ‘तोमार’?

तोमार. स्पेनमध्ये कोखेर दिवसभर सरळ अर्थानं ऐकू येईल, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात ती संभोगाची शिवराळ क्रिया आहे. तोमार सगळीकडे चालतं.

एखादं रूप बरोबर आहे का, हे कुठे तपासू?

1713 साली माद्रिदमध्ये स्थापन झालेल्या ‘र्रेआल अकादेमिया एस्पान्योला’चा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात क्रियापद शोधलं की त्याच्या सगळ्या रूपांचा तक्ता उघडता येतो, बोसची रूपंसुद्धा दिलेली असतात. अर्थ स्पॅनिशमध्येच आहेत, त्यामुळे सुरुवातीला जड जाईल. तक्ता बघायला मात्र पहिल्या दिवसापासून अडचण नाही.